माणसाला ताण देत नाहीत

सौंसर
शनिवार, दुपार

प्रिय कुलदीप,

तुला 'प्रिय' लिहायचं माझ्या मनात नव्हतं. आधी दोन कागद फाडले. पहिल्यावर नुसतं 'कुलदीप' लिहिलं, तर ते तहसीलच्या नोटिशीसारखं दिसलं. दुसऱ्यावर 'गाढवा' लिहिलं. तेच खरं होतं, पण हे पत्र मी उर्वशीच्या हाती देऊन राहिली, आणि पोरीनं उघडून पाहिलं तर बापाची थोडी इज्जत राहावी म्हणून तोही फाडला. फोन तू उचलत नाहीस. मोबाईलवर पाठवलेलं सगळं वाचतोस, निळ्या खुणा दिसतात मला, आणि उत्तर म्हणून जोडलेले हात पाठवतोस. कायले हात जोडतोस रे? मी काय तुझ्या दारात मत मागाले आली? म्हणून आता कागद. कागद स्विच ऑफ होत नाही. शाळेत शिकलेल्या मराठीत लिहायचा प्रयत्न करते, पण रागात हात घरच्या बोलीवर जातो, तेवढं सांभाळून घे.

तू मशीनवर न गेल्याला चार पाळ्या झाल्या. सोमवार, गुरुवार, सोमवार, गुरुवार. दीड वर्ष तू मोहगावहून मोटरसायकल काढून सकाळी सातच्या आत इथल्या डायलिसिसच्या सेंटरात हजर असायचास. पाऊस असो, पाव्हणे असोत, बागेत संत्र्याची तोड चालू असो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अर्धं मोहगाव पांढुर्ण्याला दगडांची गोटमार पाहायला गेलं, तेव्हाही तू खाटेवर पडून होतास, आणि तिथून मला फोन करून म्हणालास की ताई, तिकडे जांब नदीवर लोक एकमेकांचं रक्त काढून राहिले आणि इकडे मशीन माझं काढून राहिली, पण ही परत तरी देते. मी किती हसली होती. असा तू. आणि आता शोभाला सांगितलंस की डॉक्टरनं पंधरा दिवसांची सुट्टी दिली. सुट्टी? किडनी काय शाळेत जाते? शोभा भोळी, नवऱ्याचा शब्द तिला पुरतो, तिनं मानलं. उर्वशीनं नाही मानलं. बुधवारी तिनं न्हाणीत जाऊन, दार लावून, हळू आवाजात मला फोन केला. म्हणाली की आत्या, बाबाचे पाय असे सुजले की चप्पल जात नाही, आणि बाबा आडवे झोपत नाहीत, भिंतीला टेकून बसल्या-बसल्याच झोपतात. मग तिनं खरं कारण सांगितलं.

ते ऐकून मला आधी हसूच आलं, खोटं कशाला बोलू. मग घाम फुटला. तू म्हणे किडनीला ताण देऊन राहिलास. संत्र्याला देतात तसा. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणतील माणूस येडा झाला, पण मी त्याच बापाची लेक आहे, तुझं डोकं कोणत्या वाटेनं गेलं ते मला पावलापावलानं समजलं. आंबिया बहार घ्यायचा तर आपण बागेचं पाणी तोडतो. महिना-दीड महिना झाड कोरडं ठेवतो. पानं मान टाकतात, पिवळी पडतात, नवखा माणूस म्हणेल की बाग गेली. मग नेमक्या दिवशी ताण तोडायचा, पाणी सोडायचं, की थोड्याच दिवसांत झाड फुलांनी पांढरं. ज्या झाडाला बारा महिने पाणी मिळतं ते नुसतं पानावर राहतं, फुलत नाही. आणि तू तर त्यातला मास्तर. ताण कधी तोडायचा हे विचारायला लोक पार सावरगावहून तुझ्याकडे येतात, तू एक पान बोटात चुरतोस आणि दिवस सांगतोस. तर या मास्तरानं विचार केला की मशीन म्हणजे बसल्या जागी मिळणारं पाणी. ती सगळं काम करते म्हणून किडनी आळशी झाली, पानावर राहिली. मशीन तोडली, चटका बसला, की किडनी आपोआप जागी होईल आणि बहार धरेल. वा रे मास्तर! दवाखान्यातले एवढे शिकलेले लोक, एकाच्याही डोक्यात हे आलं नाही पाहा.

पहिल्या दोन-तीन दिवसांत तुला ते पटलंही असेल. मला माहीत आहे, कारण मीही त्याच आजाराची. आईनं आपल्या दोघांना सारखं वाटून दिलं ते हेच, किडनीतल्या पाण्याच्या गाठी. तू सौंसरच्या मशीनवर, मी नागपूरच्या, फरक एवढाच. पाळी बुडवली की आधी माणसाला सुटल्यासारखं वाटतं. सुया नाहीत, पोटऱ्यांत गोळे नाहीत, घरी येऊन उसाच्या चिपाडासारखं पडून राहणं नाही. एखाद्या दिवशी लघवी थोडी जास्त झाली की वाटतं, आली बहार! मागच्या उन्हाळ्यात, आमच्या संदीपच्या लग्नात, मी हेच केलं. तीन पाळ्या बुडवल्या. हळदीला नाचली. बायका म्हणाल्या की विजयमालाची तबियत किती सुधारली, आणि मी ते पदरात बांधून घेतलं. वरात परत येताना गाडीतच मला श्वास घेता येईना. नवी सून माप ओलांडून घरात आली तेव्हा सासू नागपूरला मशीनवर होती. तुम्हा सगळ्यांना सांगितलं की जेवण बाधलं. तर खोटं बोलण्यात मी तुझी मोठी बहीणच आहे, माझ्यापुढे शहाणपणा करू नको.

गुरुवारी तू चौथ्यांदा गेला नाहीस हे कळलं तशी मी उठली आणि भैय्याजींकडे गेली. ते आता इथे सौंसरलाच पोराकडे राहतात. म्हटलं डॉक्टरचं तू ऐकत नाहीस, बहिणीचं ऐकत नाहीस, ज्या माणसानं तुला बाग शिकवली त्याचं तरी ऐकशील. सगळं ऐकून म्हातारा असा भडकला की सून आतून धावत आली. म्हणाला, त्या पोट्ट्याले मी असं शिकवलं काय? ताण तगड्या झाडाले देतेत. ज्याची मुळी सडली, ज्याच्या फांद्या वरून वाळत आल्या, त्या झाडाले कोणी ताण देते काय? त्याले आधी जगवा लागते बाई. त्याचं पाणी तोडलं त फूल नाही येत, चुलीत घालाले लाकूड होते. आणि झाडाची गोठ झाडापाशी, माणसाले ताण देत नाहीत. मोहगावले मीच येतो काठी घेऊन, असंही म्हणाला, पण गुडघे त्याला अंगणाबाहेर नेत नाहीत. मग मला म्हणाला की तू लिहून पाठव. जाताना मी पाया पडली तर डोक्यावर हात ठेवायचं विसरला, एवढा तो हलला होता.

आता तू म्हणशील की ताई, पण यात पुढे आहे काय? दिवाळीत ओसरीवर बसून तू हेच विचारलं होतंस. आठवड्याचे दोन दिवस, चार-चार तास, मरेपर्यंत. बरं तर होत नाही, मग हे काहून करायचं? तेव्हा मी चकल्या आणायच्या निमित्तानं आत गेली. जे लोक येऊन सांगतात की हिंमत ठेवा, मन प्रसन्न ठेवा, सगळं ठीक होईल, त्यांना चार तास सुया टोचून बसवावं असं मला वाटतं. मला काय चीड येत नाही? पहाटे साडेपाचची बस, हातात डबा, आणि आठवड्यातून दोनदा नागपूर. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस संत्र्यांची थैली घेऊन येतो, एवढी साधी रीत, आणि तेच फळ आपल्याला विष. पाव्हणे चहा पितात, वर पाणी पितात, आणि मी माझ्या अर्ध्या लिटरच्या बाटलीकडे पाहत बसते. परवा जावेनं माझ्यासमोर गडूभर पाणी गटागटा प्यायलं आणि मी तिच्याशी दिवसभर बोलली नाही. तिची काही चूक नव्हती.

पण तुला जयवंताची गोठ सांगते. लोधीखेड्याची आहे, फाट्यावर माझ्याच बसमध्ये चढते, माझ्याच पाळीला असते. सात वर्षं झाली तिला मशीनवर. आशा वगैरे शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तिची एक रीत आहे. घरामागच्या वाफ्यात ती फक्त सांबार, शाळेच्या मराठीत कोथिंबीर, आणि मेथी लावते, महिन्या-सव्वा महिन्यात हाती येईल तेवढंच. तिला स्वतःला पथ्य, खातात घरचे. एक खुडून झाली की दुसरी पेरते. मी म्हटलं, बाई, वांगी लाव, मिरची लाव. म्हणाली, त्याले लय दिवस लागतेत, डोक्याले तरास होते. महिन्याभराची गोठ माणसाच्या हातात असते. तर ही बाई सात वर्षं एक-एक महिना पेरून जगून राहिली, आणि एकही पाळी बुडवली नाही. धाकट्या दिराची मयत झाली त्या दिवशीही आली, मशीनवर पडून रडली, आणि चार तास पूर्ण करूनच गेली. मागच्या आठवड्यात बसमध्ये बसल्यावर तिच्या नखांत माती दिसली. विचारलं तर म्हणाली, लिंबाचं रोप लावलं. मी तिच्या तोंडाकडे पाहतच राहिली. लिंबाला फळ यायला तीन-चार वर्षं लागतात, हे तिला माहीत नाही असं थोडंच आहे. मी काही बोलणार तर मलाच झापलं, की नजर नोको लावू. तू पुढे काय आहे विचारत होतास ना, मला तरी याहून जास्त काही माहीत नाही.

आणि एक. उर्वशी सांगते की मृग बहाराच्या फळाला रंग चढून राहिला आणि तू रोज बागेत जाऊन एक-दोन संत्री चाखून पाहतोस. कुलदीप, तुझी अक्कल बैल चारायला गेली काय? मशीन नाही, आणि वरून संत्रं! डॉक्टरनं आपल्या दोघांना एकाच दिवशी समोर बसवून सांगितलं होतं की संत्र्यातलं पोटॅशियम रक्तात साचलं तर हृदय बंद पडतं, दुखत नाही, सांगून येत नाही. बागेत झाडाखाली पडशील आणि शोभाला वाटेल की सावलीत झोपला. आजपासून एक फोडही तोंडात घालू नको. आणि श्वास आणखी चढला, छातीत धडधडलं, तर कोणत्या वाराची वाट पाहू नको, घड्याळ पाहू नको. तुझे भाऊजी गाडीत तेल भरून तयार आहेत, शोभानं नुसता मिस कॉल द्यावा, तसंच नागपूरला नेऊ.

आईला तर मशीन काय असते हेच ठाऊक नव्हतं. तू तेव्हा नववीत. ती शेवटी-शेवटी पाणी मागायची आणि आपण तिला भांडं भरून द्यायचो, प्रेमानं द्यायचो, कारण नको देऊ म्हणून सांगणारं कोणी नव्हतं. तिला जे मिळालं नाही ते तुला मोहगावहून पंधरा-वीस मिनिटांवर मिळालं, आणि तू ते पायानं ढकलून राहिलास. याचा राग मला येतो.

उर्वशीचंही ऐकून घे, कारण ती तुला सांगणार नाही. तिला वीस पूर्ण झाली. आपला आजार लेकरांत उतरतो म्हणून डॉक्टरनं तिची सोनोग्राफी करून घ्या म्हटलं होतं, आणि तिनंच माझ्याजवळ कबूल केलं होतं की परीक्षा झाली की करीन. बुधवारी मी त्याचं विचारलं तर म्हणाली की आत्या, मला नाही करायची. माहीत होऊन काय फायदा, बाबाला सगळं माहीत आहे तरी ते मशीनवर जात नाहीत, म्हणजे त्यात काही अर्थ नसेलच. मी तिला रागावली. तिनं बापाला पाहिलं आणि ठरवलं. तू घरात भिंतीला टेकून बसला आहेस आणि समोर बसून ती शिकून राहिली. तुला वाटते तू फक्त तुझ्या किडनीला ताण देऊन राहिला?

आता हे पत्र आजच का लिहिलं ते सांगते. काल नागपूरहून परतताना, सावनेरच्या पुढे, बसमध्येच सौंसरच्या सेंटरातून स्नेहा सिस्टरचा फोन आला. चार पाळ्या जो येत नाही त्याची जागा पुढच्या माणसाला जाते, हा नियम तुला माहीत आहे. तुझ्यासाठी तिनं सोमवारी सकाळी सातपर्यंत थांबायचं कबूल केलं. जागेसाठी थांबलेल्यांच्या यादीत पुढचं नाव माझं आहे. अकरा महिन्यांपासून आहे. तुला सांगितलं नाही, कारण तुला वाटलं असतं की ताई माझ्या खाटेवर डोळा ठेवून आहे. माझ्या घरापासून ते सेंटर पायी दहा मिनिटं, कुलदीप. सिस्टर बोलली आणि सगळ्यात आधी मला आनंद झाला. पहाटेच्या बसपासून सुटका झाली, एवढंच डोक्यात आलं. ती जागा रिकामी कशी झाली हे त्यानंतर आठवलं, आणि बाजूला जयवंता बसली होती म्हणून, नाही तर मी तिथेच रडली असती. तरी मी सिस्टरला नाही म्हटलं नाही. मी काही देवी नाही, मलाही जगायचं आहे. सोमवारी सातला मी चादर आणि डबा घेऊन तिथे बसणार. तू आला नाहीस तर त्या खाटेवर मी झोपीन, हात पुढे करीन, आणि जेवढी वर्षं जगीन तेवढी वर्षं दर सोमवारी, दर गुरुवारी माझ्या भावाच्या जागेवर झोपीन. माझ्यावर ही वेळ आणू नको. ये. सगळ्यांसमोर माझ्याशी भांड, मनगट धरून मला उठव, म्हण की ताई, ही माझी खाट आहे, तू जा आपल्या नागपूरले. मी तुला शिव्या देत उठीन, आणि मंगळवारी पहाटे साडेपाचची बस आनंदानं पकडीन.

तुझीच, सोमवारी तुझ्या खाटेपाशी बसलेली,
विजूताई